लग्नाची सीडी उघडत नाही? आधी धुवा, मग इमेज घ्या

ठाण्यात बाल्कनीच्या ग्रिलला कबुतरांसाठी जुन्या सीड्या टांगायची पद्धत आहे. दोन दिवस कबुतरं बिचकतात, तिसऱ्या दिवशी त्याच ग्रिलवर येऊन बसतात. टांगण्याआधी सीडीवर काय आहे हे कुणी बघत नाही, कारण बघायला घरात ड्राइव्हच उरलेला नसतो. घरी जाळलेल्या (म्हणजे संगणकावर बर्न केलेल्या) सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन या थराचा शत्रू आहे. तेव्हा ग्रिलवर काही लटकत असेल तर आधी ते उतरवून घरात आणा. बाकीचं पुढे.

सगळ्या कामामागचा विचार एकच आहे. खराब डिस्क दुरुस्त करायची नसते. तिच्यावरचा जेवढा भाग वाचता येईल तेवढा एकदा एका इमेज फाइलमध्ये (म्हणजे अख्ख्या डिस्कच्या एका फाइलमधल्या हुबेहूब नकलेत) उतरवून घ्यायचा आणि मग डिस्कला हात न लावता त्या इमेजवर काम करायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. डिस्क घातली, फोल्डर उघडला, एकेक फोटो कॉपी केला, मध्येच अडकलं, बाहेर काढून शर्टाला पुसली, परत घातली. प्रत्येक फेरीत डिस्क झिजते आणि हाती मात्र तेच शंभर फोटो परत परत येतात.

डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा

सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. आपण समजतो की माहिती चकचकीत बाजूला आहे. प्रत्यक्षात ती लेबलच्या अगदी खाली असते, वर फक्त लाखेचा पातळ थर. त्यामुळे खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा निभावतो, पण लेबलवर बॉलपेनने दाबून लिहिलेलं ‘हळद – भाग २’ जिवावर बेततं. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर तेवढ्या जागेचा परावर्तक थर गेला. तिथलं कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. ठिपके दोन-चार असले तरी बाकीची सीडी वाचता येते, म्हणून लगेच हात टेकू नका.

डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मधे. लेबलवरच्या ओरखड्याची तिला फारशी भीती नाही. तिचा घात होतो तो डबीतून ओढून काढताना. मधल्या खुंटीवर घट्ट बसलेली डीव्हीडी कडेने वाकवून उपसली की दोन चकत्या एकमेकींपासून सुटू लागतात, कडेला इंद्रधनुषी वलय दिसतं. खुंटी बोटाने दाबायची, डिस्क आपोआप सुटते. ब्लू-रेवर वाचण्याच्या बाजूला संरक्षक थर फक्त ०.१ मिलिमीटरचा असतो, तेव्हा तिच्यावर घासण्या-पॉलिशचा कोणताही प्रयोग नको.

मधल्या भोकापासून तडा गेलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका. डेस्कटॉपचा ५२एक्स ड्राइव्ह सीडीला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो. तडकलेली डिस्क त्या वेगात फुटते आणि ड्राइव्हलाही घेऊन जाते.

ओरखड्याची दिशाही पाहा. मधून कडेकडे जाणारा ओरखडा परवडतो. माहितीची रेघ आतून बाहेर गोल गोल जाते, असा ओरखडा तिला प्रत्येक फेऱ्यात एकदाच छेदतो आणि तेवढी तूट डिस्कमधली चूक-दुरुस्ती भरून काढते. सीडीत रेघेच्या लांबीवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट भरून निघू शकते. पण गोलाकार ओरखडा रेघेच्याच दिशेने धावतो आणि ही मर्यादा चुटकीसरशी ओलांडतो. म्हणूनच डिस्क कधीही गोल पुसायची नाही.

धुणं

साधं वाटतं, पण न वाचणाऱ्या डिस्कपैकी बऱ्याच एवढ्यावरच वाचायला लागतात. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या पेराने हलकं चोळणं, मग नळाखाली धरून साबण पूर्ण काढणं. झटकून पाणी उडवा. उरलेलं पाणी मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपा आणि पुसायचंच असेल तर भोकापासून कडेकडे सरळ. टिश्यू पेपर आणि टॉवेल दोन्ही नकोत, दोघांनीही बारीक रेघा पडतात. कागदी स्टिकर चिकटवलेली सीडी बुडवू नका, फक्त खालची बाजू ओल्या फडक्याने पुसा. तो स्टिकर सोलायचा मोहही टाळा, त्याच्याबरोबर परावर्तक थर सोलून निघतो.

चिकट डाग, बुरशी किंवा टेपचा गोंद असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्क्यांचं मिळतं. फडक्यावर घ्या, डिस्कवर ओतू नका आणि लेबलच्या बाजूला लावू नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी पॉलिकार्बोनेट पांढरट होतं आणि मग डिस्क कायमची आंधळी.

खाडीकाठच्या हवेत आणखी एक प्रकार हमखास दिसतो: पावसाळ्यानंतर लॉफ्टवरच्या बॅगेतली सीडी प्लॅस्टिकच्या पाउचला चिकटून बसलेली. ओढू नका. पाउचसकट कोमट साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पाउचच्या दोन कडा कात्रीने उघडा आणि पाणी आत शिरू देत प्लॅस्टिक सावकाश सोडवा. सोडवताना प्लॅस्टिक वाकवायचं, सीडी नाही. मग सावलीत, पंख्याखाली, उभी करून वाळवा. हेअर ड्रायर नको. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेल्या डिस्कवर वाफ धरते, म्हणून ड्राइव्हमध्ये घालण्याआधी अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या.

टूथपेस्टचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यात तथ्य एवढंच की पेस्टमधला बारीक घर्षक पदार्थ ओरखड्याच्या धारदार कडा बोथट करतो आणि लेसर कमी विखुरतो. त्यात डिस्कही झिजते. म्हणून तो उपाय शेवटचा, एकदा इमेज घेऊन झाल्यावरच, फक्त सीडी-डीव्हीडीच्या खालच्या बाजूला. पेस्ट पांढरी घ्यायची. जेलने काही होत नाही.

ड्राइव्ह: एकाने नाही म्हटलं म्हणून निकाल लागत नाही

प्रत्येक ड्राइव्हची लेन्स, लेसरची ताकद आणि वाचण्याची चिकाटी वेगळी असते. एका ड्राइव्हला रिकामी वाटलेली डिस्क दुसरा निमूटपणे उघडतो, तिसऱ्याला फक्त मधलं जमतं. म्हणून निदान दोन, जमल्यास तीन ड्राइव्ह गोळा करा.

पातळ यूएसबी ड्राइव्ह सोयीचा, पण खराब डिस्कवर तो लवकर हार मानतो. अनेकदा दोष डिस्कचा नसून विजेचा असतो: लॅपटॉपच्या एका पोर्टमधून मोटरला पुरेसा करंट मिळत नाही, डिस्क फिरायला लागते, मंदावते, परत फिरते. केबलला दोन यूएसबी टोकं असतील तर दोन्ही लावा. हब वापरू नका. डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट घ्या.

खरी मदत होते ती जुन्या डेस्कटॉपमधल्या रुंद साटा (संगणकाच्या आत जोडायच्या) ड्राइव्हची. सोसायटीच्या ऑफिसात, ट्यूशन क्लासात, कुणाच्या तरी माळ्यावर बंद पडलेला सीपीयू असतोच, त्यातला ड्राइव्ह चार स्क्रूंनी निघतो. लॅपटॉपला जोडायला साटा-टू-यूएसबी अॅडॅप्टर लागतो, पण तो स्वतंत्र १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायसकट घ्या. नुसत्या यूएसबीवर चालणारे अॅडॅप्टर लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठी असतात, रुंद ड्राइव्हची मोटर त्यावर फिरत नाही. गोखले रोडवरच्या दुकानात मिळाला तर उत्तम, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड आहेच.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ असते. रबरी ब्लोअरने फुंकर मारा. तरी नाही तर इअरबडवर आयसोप्रोपिलचा एक थेंब घेऊन लेन्सवरून दाब न देता एकदा फिरवा. लेन्स तारेवर तरंगत असते, जोर दिलात तर ड्राइव्ह संपला.

हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडी ट्रेच्या मधल्या खळग्यात बसवायच्या. ट्रे नसलेल्या, फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या घालू नका, आत अडकतात. या डिस्क संगणकात रिकाम्या दिसल्या तर बहुधा त्या ‘फायनलाइज’च (दुसऱ्या यंत्रात वाचता याव्यात म्हणून बंद) झालेल्या नसतात. कॅमेरा चालू असेल तर त्यातच टाकून मेनूतून फायनलाइज करा.

एक सक्त सूचना. विंडोज विचारतं: ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ उत्तर नेहमी नाही. विशेषतः आरडब्ल्यू लिहिलेल्या, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर हो म्हणालात तर जे होतं तेही जाईल.

इमेज घेणं

विंडोजच्या एक्सप्लोररकडून हे काम करून घेऊ नका. एक वाईट जागा आली की तो पुन्हा पुन्हा तिथेच डोकं आपटतो, ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ म्हणून अख्खी फाइल सोडून देतो आणि मिळालेला अर्धा भागही पुसून टाकतो. शिवाय थंबनेल दाखवण्याच्या नादात डिस्कभर लेन्स नाचवतो. ऑटोप्ले आधी बंद करा.

कामाचं साधन आहे डीडीरेस्क्यू. फुकट आहे, लिनक्सवर चालतं आणि त्यासाठी लॅपटॉपवर लिनक्स बसवावं लागत नाही. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रामने लिनक्स मिंट चढवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा, इंटरनेट जोडा आणि टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘जीडीडीरेस्क्यू’ हे पॅकेज बसवा. पॅकेजच्या नावात सुरुवातीला जी आहे, कमांडच्या नावात नाही. इथे पुष्कळ जण अडखळतात.

इमेज ठेवायला वेगळी हार्ड डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह लागतो. मिंट पेन ड्राइव्हवरून चालतं तेव्हा त्याचा डेस्कटॉप रॅममध्ये असतो. तिथे ठेवलेली इमेज बंद करताच गेली. दुसरा खड्डा फॅट३२ या पेन ड्राइव्हच्या जुन्या फॉरमॅटचा. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि भरलेल्या डीव्हीडीची इमेज ४.७ जीबीची. रात्रभर चालवून सकाळी ‘जागा नाही’ असं वाचायचं नसेल तर पेन ड्राइव्ह आधीच एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या.

कमांड छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहायची असते. क्रम असा: सुडो, डीडीरेस्क्यू, मायनस एन, मायनस बी आणि २०४८, मग ड्राइव्हचा पत्ता स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर शून्य, मग इमेजचं नाव, शेवटी मॅप फाइलचं नाव. २०४८ हा डेटा डिस्कच्या एका सेक्टरमधल्या, म्हणजे एकावेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यातल्या बाइटचा आकडा. मायनस एन म्हणजे अवघड जागी वेळ घालवू नकोस, जे सहज येतंय ते आधी गोळा कर. मॅप फाइलचं नाव गाळू नका. कुठला सेक्टर मिळाला, कुठला राहिला हे त्यात लिहिलं जातं. मध्येच दिवे गेले, डिस्क बाहेर काढावी लागली, दुसरा दिवस उजाडला, तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम राहिलेल्या जागेपासून सुरू होतं.

चांगली डीव्हीडी दहा-पंधरा मिनिटांत उतरते. खराब डिस्कचा आवाजच सांगतो: घरघर चढते, एकदम उतरते, दोन-तीन बारीक टकटक, शांतता, परत घरघर. स्क्रीनवरचा वेगाचा आकडा शून्यावर येतो. घाबरू नका, ड्राइव्ह त्याच सेक्टरवर पुन्हा पुन्हा नेम धरतो आहे. पूर्ण डीव्हीडीत असे सुमारे २३ लाख सेक्टर असतात, तेव्हा हे बघत बसायचं काम नाही.

पहिली फेरी संपली की दुसरी. मायनस एन काढा, त्याजागी मायनस डी आणि मायनस आर ३ घाला, इमेज आणि मॅपची नावं तीच. आता राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न होतो. त्याआधी ड्राइव्हचा वेग कमी केल्याने पुष्कळदा फरक पडतो: इजेक्ट कमांडला मायनस एक्स ४ द्या. काही ड्राइव्ह हे ऐकतात, काही नाही. तिसऱ्या फेरीत मोठा आर, म्हणजे उलट दिशेने वाचन. वाईट पट्ट्याच्या पलीकडून येताना लेसर कधीकधी असं काही वाचतो जे अलीकडून जमत नव्हतं. दोन-तीन तासांनी डिस्क काढून हाताला लावून पाहा. गरम लागली तर वीस मिनिटं थांबा.

आणि मग डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, तीच कमांड, तीच इमेज, तीच मॅप. पहिल्या ड्राइव्हने न वाचलेल्या सेक्टरांवरच दुसरा प्रयत्न करतो. तिसराही तसाच. टक्का ९६ वरून ९९ आणि मग ९९.९ वर सरकताना दिसतो. सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे.

लग्नाच्या डिस्कसाठी आणखी एक हुकमी पत्ता असतो. फोटोग्राफरने एक संच वरपक्षाला आणि एक वधूपक्षाला दिलेला असतो. दोन्ही एकाच मास्टरवरून जाळलेले असतील तर मामांकडची खराब डीव्हीडी आणि आपली खराब डीव्हीडी मिळून एक चांगली होते, कारण दोघींच्या खराब जागा सहसा वेगळ्या असतात. तिची स्वतंत्र इमेज आणि स्वतंत्र मॅप बनवा. दोन्ही इमेजचा आकार बाइटपर्यंत सारखा आहे का, फाइलींची नावं, आकार आणि तारखा जुळतात का, ते बघा. एवढ्यात फरक निघाला तर पुढे जाऊ नका, वेगळ्या मास्टरच्या डिस्कची सरमिसळ केली तर दोन्ही वाया. जुळलं तर आपल्या इमेजची आणि मॅपची एक प्रत बाजूला ठेवून डीडीरेस्क्यूला ड्राइव्हऐवजी मामांची इमेज द्या, मायनस एम लावून मामांची मॅप द्या आणि शेवटी आपली इमेज, आपली मॅप. मामांकडे नीट वाचलेलं तेवढंच आपल्या रिकाम्या जागी येतं. कोणती इमेज आधी लिहिली हे दोनदा तपासा: आधी येते ती वाचली जाते, नंतरचीवर लिहिलं जातं.

लिनक्सला हात लावायचाच नसेल तर विंडोजवर आयएसओबस्टर आहे. तोही ‘मॅनेज्ड इमेज’ बनवतो, थांबून पुन्हा सुरू करता येतो आणि जुनी सेशनं दाखवतो. त्यातल्या काही सोयींना पैसे मोजावे लागतात. सेशनांचा मुद्दा महत्त्वाचा आहे: एकाच सीडीवर दोन-तीन वेळा थोडं थोडं जाळलेलं असेल तर विंडोज बऱ्याचदा शेवटचंच दाखवतं. सीडी निम्मी भरलेली दिसते, खालच्या बाजूला रंगातला फरक डोळ्यांना कळतो, पण फोल्डरमध्ये चारच फोटो. बाकीचे कुठेही गेलेले नाहीत, आधीच्या सेशनमध्ये आहेत.

इमेजमधून फाइली

विंडोज १० आणि ११ मध्ये आयएसओ फाइलवर डबल-क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते. फाइली दिसल्या तर कॉपी करा, काम झालं.

नाही दिसल्या तर? नवी मुंबईत राहणाऱ्याला समजवायला सोपं आहे. नाक्यावरची ‘सेक्टर १७’ची पाटी पडली म्हणून सतरातल्या इमारती जात नाहीत, नव्या माणसाला त्या सापडत नाहीत एवढंच. डिस्कच्या सुरुवातीला फाइलींच्या पाट्यांचा भाग असतो, तो वाचला गेला नाही की विंडोज हात झटकतं. फोटोरेक हे फुकटचं साधन पाट्या न बघता इमारतीच ओळखतं: जेपेगची सुरुवात कशी असते, एमपेगची कशी, हे त्याला माहीत असतं. त्याची माउसने चालवायची आवृत्ती क्यूफोटोरेक. त्यात इमेज फाइल निवडा (यादीत दिसत नसेल तर इमेजच्या प्रतीचं एक्स्टेंशन आयएसओऐवजी आयएमजी करा), हवे ते फाइल प्रकार ठेवा, बाकीचे काढा. हार्ड डिस्कपेक्षा सीडीवर ही पद्धत जास्त यशस्वी होते, कारण सीडीवर फाइल सहसा सलग लिहिलेली असते, तुकडे विखुरलेले नसतात. नावं मात्र जातात, हाती येतात एफ आणि आकड्यांच्या फाइली. फोटोत कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख असते, तिच्यावरून लावा.

‘९९.५ टक्के मिळालं’ यावर विसंबू नका. डीव्हीडीचा अर्धा टक्का म्हणजे २३ एमबी आणि ते कुठले यावर सगळं आहे. व्हिडिओत गेले तर काही सेकंद चौकोन-चौकोन दिसतील. जेपेगमध्ये मधे एक सेक्टर गेला की तिथून खालचा फोटो करडा किंवा भलत्याच रंगाचा. झिप फाइलमध्ये गेला तर आतली ती फाइल बहुधा उघडायचीच नाही. कुठल्या फाइली पोळल्या हे शोधायला इमेजच्या प्रतीवर डीडीरेस्क्यूचा फिल मोड चालवा: ओळखू येईल असा एखादा शब्द एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती दिली की न मिळालेल्या सगळ्या जागी तो शब्द भरला जातो. मग काढलेल्या फाइलींमध्ये तो शब्द शोधला की सदोष फाइलींची यादी तयार. हजार फोटो एकेक उघडून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

व्हिडिओ डीव्हीडीत व्हिडिओ-टीएस नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या मोठ्या व्हीओबी फाइली म्हणजे खरं चित्रण. त्या व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालतात. मेनू उघडत नसेल आणि आयएफओ (मेनूची माहिती असलेली) फाइल बिघडली असेल तर शेजारीच त्याच नावाची बीयूपी फाइल असते, ती आयएफओचीच जुळी प्रत. बीयूपीची कॉपी करून एक्स्टेंशन आयएफओ करा, मेनू जिवंत होतो. नंतर हँडब्रेक या प्रोग्रामने एमपी४ करून घ्या. व्हीओबी मात्र टाकून देऊ नका.

व्हीसीडी वेगळी

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं लग्न असेल तर घरात डीव्हीडी नसून व्हीसीडी असण्याची शक्यता जास्त: साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन, अशा तीन-चार. ओळखायची खूण म्हणजे एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि आत डॅट फाइल. इथे वरची २०४८ची पद्धत लावू नका. व्हीसीडीच्या व्हिडिओ सेक्टरमध्ये २३२४ बाइट चित्रण असतं आणि डेटा सीडीला असतो तो चूक-दुरुस्तीचा जादा थर नसतो. डीडीरेस्क्यू ते सेक्टर वाचू शकत नाही आणि धडधाकट व्हीसीडीलाही खराब ठरवतो. आयएसओबस्टरमध्ये ट्रॅकवर राइट-क्लिक करून फक्त एमपेग फ्रेम गाळून काढायचा पर्याय निवडा. मिळालेली फाइल व्हीएलसीत चालते. चित्र ३५२ बाय २८८चंच, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. ‘एआय अपस्केल’ करून देतो म्हणणाऱ्याला मूळ फाइल देताना प्रतच द्या.

गाण्यांच्या सीडीला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, लिनक्सवर सीडीपॅरानोया ही साधनं वापरा.

कधी डिस्कच्या नादी लागू नये

एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सीडी उघडत नसेल तर आधी ज्या सेंटरमध्ये काढली तिथे फोन करा. तपासणी अलीकडची असेल तर चित्रं त्यांच्या सर्व्हरवर असण्याची शक्यता असते आणि नवी प्रत मिळते. डॉक्टरांपुढे मधल्या चार स्लाइस गायब असलेली प्रत ठेवण्यापेक्षा हेच बरं. डिस्क उघडते पण व्ह्यूअर चालत नाही, अशी तक्रार असेल तर डिस्क चांगली आहे. डायकॉम (स्कॅनच्या चित्रांचा फाइल प्रकार) फोल्डर कॉपी करा आणि मायक्रोडायकॉमसारख्या प्रोग्राममध्ये उघडा.

फ्लॅटच्या करारनाम्याचं स्कॅन सीडीवर असेल आणि करार नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. बँकेला ती चालते, फोटोरेकने काढलेली पीडीएफ चालेलच असं नाही. लग्नाच्या व्हिडिओसाठी फोटोग्राफरला विचारून पाहायला एक फोन पुरतो.

डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क द्यायचीच असेल तर आधी एकच प्रश्न विचारा: इमेज घेऊन काम करता की डिस्क पॉलिश करता? पॉलिशचं उत्तर आलं तर डिस्क परत घ्या. आणि काम झाल्यावर नुसत्या फाइली घेऊन निघू नका, इमेजही मागा.

घरी केलंत तरी इमेज आणि मॅप एकाच फोल्डरमध्ये ठेवा, डिस्कच्या लेबलवरचा मजकूर फोल्डरच्या नावात लिहा, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरातल्या हार्ड डिस्कवर असू द्या. मूळ डिस्क कडक डबीत, उभी, गोदरेजच्या कपाटात. ९९.९वर अडकलेली इमेज पुढच्या वर्षी कुणाच्या तरी माळ्यावरून चौथा ड्राइव्ह निघाला की तिथूनच पुढे सुरू करता येते, तीच कमांड, तीच मॅप.